खिडकीतलं 'हो'

३० ऑक्टोबर १९९५, सोमवार

लावली पाटी! दुकानाच्या खिडकीत, बरोब्बर मधोमध, शाम्पूच्या बाटल्यांच्या वर. निळ्या कागदावर एकच अक्षर – 'हो'.

कोलमन गॅरेजमधून हात पुसत आला, रस्त्यावर उभा राहून बघत राहिला. म्हणाला, "ईटा, एवढी मोठी?"

म्हटलं, लहान शिल्लक नव्हती. (खोटं. तीन आकार होते.)

नऊ वर्षांपूर्वी, शहाऐंशी साली, हाच प्रश्न विचारला होता डब्लिनच्या सरकारनं – घटनेतलं घटस्फोटबंदीचं ते वाक्य काढायचं का, या देशात घटस्फोट मिळू द्यायचा का. तेव्हा मी गुपचूप जाऊन मत दिलं आणि कुणाला चकार शब्द सांगितला नाही. सपाटून हरलो. गप्प बसून काय मिळालं? या वेळी, चोवीस नोव्हेंबरला, हरायचंच असेल तर ओरडून हरू.

३१ ऑक्टोबर

मिसेस टियर्नन आल्या, मंगळवारी केस सेट करून घ्यायला, नेहमीसारख्या दहा वाजता. डोक्यात अर्धे रोलर लागले. मग –

"ईटा, खिडकीत ते काय आहे गं?"

"वाचता येतं की तुम्हाला."

"मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांत तुला मुकाट राहायची सवय झाली असेल."

"झाली होती. सोडली."

ड्रायरखाली जाऊन बसल्या. त्या घरघरीत त्यांना काही ऐकू येत नाही, तरी मी आरशातून बघत होते – ओठ हलत होते. माझ्यासाठी जपमाळ चालली होती बहुतेक! जाताना म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी मला धरू नकोस." बारा वर्षांत एक मंगळवार चुकला नव्हता त्यांचा.

जाऊ देत.

२ नोव्हेंबर

कोलमन विचारतो, "कशासाठी एवढं? आपलं बरं चाललंय ना?"

बरं चाललंय. अकरा वर्षं एका छपराखाली आहोत. त्याचं गॅरेज मागे, माझं दुकान पुढे. पण सप्टेंबरमधला तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तो मात्र विसरला. त्याला शुद्ध होती कुठे!

ट्रॅक्टरखालून बाहेर आला तोच छाती धरून. तोंड राखेसारखं. चाळीस मैल ॲम्ब्युलन्समध्ये मी त्याचा हात धरून होते. इस्पितळात त्याला आत नेलं आणि एक मुलगी कागद घेऊन आली. विशी-बाविशीची असेल. "तुम्ही यांच्या कोण?"

"बायको."

"लग्नाची?"

मी खोटं बोलायला हवं होतं. बोलता आलं नाही. सतरा वर्षांपूर्वी मला टाकून समुद्रापलीकडे कॉव्हेंट्रीला गेलेल्या मार्टी गॉकनची मी लग्नाची बायको. आजही. तो मेला तर माझ्याकडे तार येईल. आणि आत जो माणूस पडला होता त्याची मी कोणीच नाही.

मुलगी वाईट नव्हती. लाल झाली बिचारी. पण दार लावलं. कोलमनच्या भावाला फोन केला – ज्या भावानं आठ वर्षांत आमच्या घरात पाऊल ठेवलं नाही, त्याला! तो दोन तासांनी आला, सही केली, आत गेला. मी बाहेरच्या बाकावर. माझ्या हातात कोलमनचे बूट.

दोन तास. तेवढ्यात तो गेला असता तर?

मृत्युपत्र करू म्हणतो तो. करू दे. इस्पितळाच्या दारात मृत्युपत्र कोण वाचतं?

५ नोव्हेंबर, रविवार

आईबाबांकडे जेवायला. कोलमननं फाटकापाशी सोडलं आणि माघारी गेला. फाटकाच्या आत त्याला मज्जाव आहे, अकरा वर्षं. बाबांचा हुकूम.

बेकन, कोबी, बटाटे. बाबांनी ताटावरून मान वर न करता जाहीर केलं, "या घरात दोन मतं आहेत. दोन्ही नाहीवर."

"आईचं मत आईला सांगू द्या की."

"सांगितलं मी."

आई कोबी वाढत होती. म्हणाली, "घटना म्हणजे काय खेळ आहे का, ईटा? आज हे काढा, उद्या ते काढा."

"आई, मला मार्टीनं टाकलं तेव्हा घटनेनं काय केलं?"

"निदान तू त्याची बायको तरी राहिलीस."

 मी बटाटे कुस्करत राहिले.

"चहा," बाबा म्हणाले. आईकडे बघून नाही – भिंतीकडे बघून. ते तसेच बोलतात. आई उठली. बाबांनी तिला कधी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. तिचं नाव डेलिया आहे. मला ते शाळेच्या दाखल्यावर कळलं.

७ नोव्हेंबर

सकाळी काचेवर शेण. गाईचं, ताजं, 'हो'च्या बरोबर वर. नेम चांगला होता.

बादली, साबण, अर्धा तास. रस्त्यावरून जाणारे सगळे बघत होते, मी प्रत्येकाला "गुड मॉर्निंग" म्हणत होते, नाव घेऊन. मग जाऊन दुसरी पाटी आणली आणि पहिलीच्या शेजारी लावली.

दिवसभरात एक गिऱ्हाईक. तेही चुकून आलं होतं, बसस्टॉप विचारायला.

९ नोव्हेंबर

गावच्या चर्चचे फादर लॅव्हेल आले. मला वाटलंच होतं. वाईट माणूस नाही, सर्दी झालेली, नाक पुसत होते. चहा दिला, ब्राउन ब्रेड दिला, लोणी जास्त लावलं.

"ईटा, तुझं दुःख मला समजतं."

"फादर, मी दुःखी नाही. मी चिडलेय."

हसले थोडे. म्हणाले, "पण तुझ्या एकटीसाठी सगळ्या देशाचं दार उघडायचं? उद्या प्रत्येक वैतागलेला नवरा त्या दारातून निघून जाईल."

"जाणारे जातातच, फादर. बोटीचं तिकीट काढून जातात. दार बंद आहे ते मागे राहणाऱ्यांसाठी."

कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी मार्टीसाठी रोज प्रार्थना करतो."

"मग पत्ता देते. त्याच्याबरोबर राहणारी बाई आणि त्यांची दोन मुलं, त्यांच्यासाठीही करा. मुलांची नावं मला माहीत नाहीत."

ब्रेडचा तुकडा तसाच ठेवून उठले. दारात म्हणाले, "रविवारी मला बोलावं लागेल. बिशपांचं पत्र आहे. मनाला लावून घेऊ नकोस."

"बोला ना. मी येणारच आहे."

१२ नोव्हेंबर, रविवार

कोटसुद्धा न काढता लिहायला बसलेय. अक्षर बघा!

चर्चमध्ये मिस्साला, रविवारच्या उपासनेला, गेले. शेवटचा बाक, माझा नेहमीचा. कोलमनबरोबर राहायला लागल्यापासून मला वेदीपाशी जाऊन प्रसाद घ्यायला बंदी आहे, बसायला नाही. कोलमन शेजारी. आईबाबा पुढून चौथ्या रांगेत.

फादर लॅव्हेलनी पत्र वाचलं. इथवर ठीक. मग पत्र घडी करून स्वतःचं बोलायला लागले. म्हणाले, "या कायद्यानं कुणाचं नुकसान होईल? घर सांभाळणाऱ्या बाईचं. तिला टाकून देतील. आज घटना त्या टाकलेल्या बाईच्या पाठीशी उभी आहे."

मी उभी राहिले. ठरवलं नव्हतं! देवाशपथ, ठरवलं नव्हतं. पाय आपोआप उभे राहिले. कोलमननं कोटाची बाही धरली, ती मी सोडवून घेतली.

"फादर," मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. "टाकलेली बाई इथे आहे. तुम्हाला हवी असेल तर बघून घ्या. अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत मला टाकलं. तेव्हा हा कायदा नव्हता. घटना होती, तुमचं हे चर्च होतं, सगळं गाव होतं. कोण उभं राहिलं माझ्या पाठीशी? शेजारच्यांनी दूध द्यायचं बंद केलं, कारण नवरा पळाला म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार!"

कुणीतरी "श्शू" केलं. एक मूल रडायला लागलं.

"माझं बोलून झालं," म्हटलं आणि खाली बसले. निघून नाही गेले! निघून जाणं सोपं होतं. शेवटपर्यंत बसले, शेवटचं 'आमेन' सुद्धा म्हटलं.

फादर लॅव्हेलनी पत्राची घडी खिशात घातली. मग एकदम श्रद्धेच्या अंगीकाराच्या प्रार्थनेवर आले, दोन पानं गाळून.

बाहेर पडताना बाबा माझ्या अंगावरून गेले, जसं काही तिथे खांब आहे. आई मागून. तिनं थांबून माझी कॉलर सरळ केली. दुमडली होती म्हणे. एवढंच. 

१३ नोव्हेंबर

दुकान सोमवारी बंद असतं. तरी तिघींनी दार ठोठावलं. त्यातली एक तर मी कधी पाहिली नव्हती, बारा मैलांवरून आली होती. केस कापायची काही गरज नव्हती तिला. कापले. ड्रायरखाली बसवलं तेव्हा मोठ्यांदा ओरडून म्हणाली – तिथे बसलं की सगळेच ओरडतात – "मी पण! नऊ वर्षं झाली!"

१५ नोव्हेंबर

रेडिओवर म्हणतात, 'हो' घसरतंय. महिन्याभरापूर्वी आरामात जिंकत होतो. आता उन्नीस-बीस.

भीती वाटतेय. इथेच लिहिते, बाहेर दाखवणार नाही.

१६ नोव्हेंबर

कोलमनशी भांडण. जेवताना म्हणाला, "तुला मी हवाय की लग्नाचा कागद?"

"दोन्ही."

"गॅरेजात तीन जणांनी ट्रॅक्टर आणायचं बंद केलं, ईटा. मी तक्रार करत नाही. फक्त सांगतोय."

"ही तक्रारच आहे."

"बरं, आहे मग!" त्यानं काटा आपटला. कोलमन आणि आपटणं! मग आपणच घाबरला, काटा उचलून पुसला. "मी आहे तुझ्याबरोबर. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. लग्नानं काय वेगळं होणार आहे?"

तेव्हा मी त्याला ते बुटांचं सांगितलं. इतके दिवस सांगितलं नव्हतं – बाकावर दोन तास त्याचे बूट मांडीवर घेऊन बसले होते ते. आतून कुणी धावत गेलं की मला वाटायचं, त्याच्यासाठीच.

त्यानं ताट बाजूला सारलं. मग उठला, कोट घातला. "कुठे?" म्हटलं. "'हो'ची पत्रकं कुठे ठेवलीस? वरच्या आळीला तू गेली नाहीस अजून."

१८ नोव्हेंबर

दोघं मिळून चव्वेचाळीस घरं. एकोणीस दारं तोंडावर आपटली. एका कुत्र्यानं पत्रक खाल्लं – त्याचं मत आपल्याला!

एक म्हातारा शेतकरी, लग्न न झालेला, फाटकावर रेलून म्हणाला, "मला बायको मिळाली नाही, आणि तुम्हाला मिळालेली सोडायची परवानगी पाहिजे!" कोलमन इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. म्हाताऱ्यानं आम्हाला आत बोलावून चहा दिला. मत देणार नाही म्हणाला आपल्याला. पण चहा चांगला होता.

१९ नोव्हेंबर, रविवार

बाबा दारातच उभे. आत घेतलं नाही.

"खिडकीतलं ते काढ, मग ये."

"नाही काढणार."

"मग तुला वडील नाहीत."

मी त्यांच्या खांद्यावरून आत बघितलं. आई टेबलापाशी, हातात बटाट्यांचं भांडं. "आई, तू काही बोलणार आहेस की नाही?"

ती म्हणाली, "बटाटे गार होतील."

पंचेचाळीस वर्षांची मी, दोन मैल रडत चालले. मग रडणं थांबवलं आणि उरलेला रस्ता शिव्या देत चालले. बरं वाटलं.

२३ नोव्हेंबर

उद्या. आणखी काही सुचत नाही लिहायला.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाऊस म्हणजे किती पाऊस! आमच्या पश्चिमेला आभाळच फाटलं. रस्त्यावर तळी. शाळेत मतदान, मी नऊच्या ठोक्याला पहिली. कागद हातात घेतला. एवढासा कागद, दोन चौकोन. फुली इतकी दाबून मारली की पेन्सिलीचं टोक मोडलं.

मग फाटकापासून ठरलेल्या अंतरावर छत्री घेऊन उभी राहिले, येणाऱ्यांच्या हातात पत्रक द्यायला. कोलमन थर्मास घेऊन आला, गेला, परत आला. मिसेस टियर्नन आल्या, त्यांच्या केसांचा पार लोळागोळा झालेला – कुणाकडून करून घेतले असतील? माझ्याकडे बघितलं नाही.

तीनच्या सुमाराला शेजाऱ्यांच्या गाडीतून आईबाबा. बाबा पुढे, आई चार पावलं मागे, डोक्याला प्लॅस्टिकचा रुमाल. आत गेले. बाबा लगेच बाहेर आले आणि गाडीत जाऊन बसले. आई येईना. पाच मिनिटं, सात मिनिटं. मी घड्याळ बघत होते. माझ्या मनात काहीतरी उमलायला लागलं होतं, मूर्खासारखं.

मग ती आली. सरळ माझ्याकडे. छत्रीखाली उभी राहिली.

"नाहीवर फुली मारली," म्हणाली. "तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

"कोण सांगणार होतं मला? आत तू एकटीच होतीस!"

"मी सांगितलं असतं ना कधीतरी."

"आई, का?"

"ते विचारू नकोस."

"बाबांनी सांगितलं म्हणून?"

"तुझे बाबा आत नव्हते," ती म्हणाली आणि पावसात निघून गेली. बाबांनी गाडीतून हॉर्न वाजवायला लावला होता.

मार्टी गेला तेव्हा लागलं होतं तेवढं लागलं. त्याहून जास्त. मार्टीकडून माझी काही अपेक्षा तरी नव्हती.

२५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळपासून रेडिओ. कोलमननं गॅरेज उघडलं नाही. आमचा मेयो जिल्हा – नाही. शेजारचा – नाही. त्याच्या शेजारचा – नाही. जेवायच्या वेळेपर्यंत मी पाट्या काढायला उठले होते. कोलमन म्हणाला, "बस. डब्लिन यायचंय अजून."

डब्लिन आलं.

मग मागे, मग पुढे, मग मागे. कागदावर आकडे लिहून लिहून माझी बोटं निळी. आणि शेवटी – नऊ हजारांनी! सगळ्या देशात मिळून फक्त नऊ हजार! फुटबॉलच्या साध्या सामन्याला याहून जास्त माणसं येतात.

पण झालं. घटनेतलं ते वाक्य गेलं!

कोलमननं रेडिओ बंद केला, गॅसवर अंडी उकडायला ठेवली. दोघांनीही सकाळपासून खाल्लं नव्हतं. अंडी ठेवून तिथेच उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. खांदे हलत होते.  मी बाहेर गेले, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि जेवढा आवाज आहे तेवढ्यानं ओरडले. शब्द नव्हते, नुसतीच ओरडले. समोरच्या घराचा पडदा हलला. हलू दे.

२६ नोव्हेंबर, रविवार

मिस्साला गेलो. शेवटच्या बाकावर नाही – सहाव्या. कुणी उठवलं नाही. फादर लॅव्हेल देशात शांती नांदो असं काहीसं बोलले, सर्दी गेलेली नाही त्यांची.

बाबा एकटेच होते. आई रविवारची मिस्सा चुकली असं माझ्या आठवणीत नाही. माझी लाज वाटत असेल. वाटू दे. मी त्या घरी जाणार नाही.

२९ नोव्हेंबर

वकील म्हणाले, घाई नको. आता संसदेत कायदा होईल, कुणीतरी कोर्टात जाईल, वर्ष तरी जाईल. आणि अट आहे – आधीच्या पाच वर्षांतली चार नवराबायको वेगळे राहिलेले हवेत.

"माझी सतरा झाली," म्हटलं.

"मग तुम्ही रांगेत पहिल्या," वकील म्हणाले.

कोलमन घरी येईपर्यंत शिटी वाजवत होता. सूर अजिबात नाही त्याला.

३ डिसेंबर

मिसेस टियर्नननी फोन केला. मंगळवार, दहा.  रोलर तयार ठेवेन.

४ डिसेंबर, सोमवार

आई आली. सकाळच्या बसनं, एकटी, हातात बॅग. मी दारात आडवी उभी राहिले.

"बाबा कुठेत?"

"घरी. तीन दिवसांचं जेवण झाकून ठेवलंय. पुढचं त्यांचं ते बघतील."

मला कळेना. "तू तर नाहीवर फुली मारलीस!"

"मारली. सेहेचाळीस वर्षं मी मनाला सांगत आले, डेलिया, इथून सुटायची वाटच नाही, मग विचार कशाला करायचा. त्यावरच दिवस काढले. वाट झाली असती तर मला सबब उरली नसती. भीती वाटली गं. म्हणून मारली." बॅग खाली ठेवली. "पण माझं ऐकलं कोणी? झालीच ना वाट."

कोलमन मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं काही न विचारता बॅग उचलली आणि आत नेली.

आईनं कोट काढला. "चार वर्षं वेगळं राहावं लागतं म्हणे. आज कितवी तारीख, ईटा?"

"चार डिसेंबर."

"मग लिहून ठेव."

लिहून ठेवते आहे.